आजोबा काय करायचे?

बडोदे,
३ ऑगस्ट २०२५

चि. बाळ यास,
अनेक आशीर्वाद.

परवा आपण फोनवर बोलत होतो, तेव्हा तुझ्या लेकीने मागून विचारलं, "बाबा, आजोबा काय करायचे?" तू म्हणालास, "आजोबांचं बाइंडिंगचं दुकान होतं." आणि लगेच मला विचारलंस, तिकडे पाऊस कसा आहे. मी पावसाचं सांगितलं, तब्येतीचं सांगितलं, फोन ठेवला. पण नंतर कुकर लावायलाही उठवेना. राग नाही आला रे. तू खोटं काहीच बोलला नाहीस. पण ज्या माणसाच्या हाताचा खळीचा वास मी पन्नास वर्षं ओळखत होते, त्याचं सगळं एका वाक्यात आटपलं, ते मला सोसलं नाही. फोनवर मला नीट सांगता येत नाही, मध्येच आवाज भरून येतो. म्हणून लिहायला बसले आहे. तिला वाचून दाखव. ती आठ वर्षांची आहे, तिला कळेल.

दांडिया बाजारातलं आपलं दुकान आठ फूट रुंद आणि बारा फूट खोल. तुला ते पाठ आहे, पण तिने शटर खाली असतानाच पाहिलं आहे. तिला सांग, आत गेल्यावर डाव्या हाताला लोखंडी शिकंजा, बांधलेली पुस्तकं दाबून ठेवायचा. त्याच्या चाकाला तू लहानपणी लोंबकळायचास. उजवीकडे पुठ्ठे उभे लावलेले, वर फळीवर कापडाचे आणि रेक्झिनचे गुंडाळे. समोर बसायची जागा, तिथे जाड लाकडाचा पाट. त्या पाटाला मधोमध खळगा पडला आहे. आधी तुझ्या आजोबांनी, म्हणजे अण्णांनी, आणि मग तुझ्या बाबांनी, दोघांनी मिळून सत्तरएक वर्षं त्याच जागी हातोडा चालवला. भिंतीवर एकच तसबीर होती, सयाजीराव महाराजांची. देव घरी होते, दुकानात महाराज.

ती तसबीर का, हे तिला माहीत असायला हवं. ती पुण्यात वाढते आहे, तिला बडोदे म्हणजे फक्त आजीचं गाव. महाराजांनी १९०६ साली सगळ्या बडोदे संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलं शिकली, मग त्यांना वाचायला काय द्यायचं? म्हणून १९१० साली अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावून आणलं आणि ग्रंथालयांचं खातंच उभं केलं. मध्यवर्ती ग्रंथालयासाठी महाराजांनी राजवाड्यातली स्वतःची पुस्तकं दिली. खेड्यापाड्यांत पुस्तकं लाकडी पेट्यांत भरून पाठवायचे, त्याला फिरतं ग्रंथालय म्हणायचे. आता पुस्तक जितकं हाताळलं जाईल तितकं लवकर ते खिळखिळं होतं, आणि खिळखिळं झालं की बाइंडरकडे येतं. अण्णांनी पोरवयात एका कारखान्यात हीच पुस्तकं शिवली. ते म्हणायचे, "आपल्या ताटात जे आहे ते महाराजांनी लोकांना वाचायला लावलं म्हणून आहे." मला हे अगदी पटतं. मी तर म्हणते, आपल्या घरात तू पहिला इंजिनिअर झालास, तोही महाराजांनीच १८९० मध्ये तंत्रशिक्षणासाठी काढलेल्या कलाभवनात शिकून, त्याचं मूळही तिथेच आहे.

बाबांचा जन्म १९४९ चा. त्याच वर्षी १ मे रोजी संस्थान मुंबई राज्यात गेलं आणि त्याच वर्षी विद्यापीठ सुरू झालं. अण्णांना राज्य गेल्याचं फार वाईट वाटलं होतं, पण पुढे दुकान तरलं ते विद्यापीठावरच. तिथले थीसिस बांधायला यायचे. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, चार प्रती, पाच प्रती. बडोद्यातले कितीतरी डॉक्टरेटवाले आपल्या पाटासमोर घाबऱ्या चेहऱ्याने बसून गेले आहेत.

शाळा झाल्या झाल्या बाबा दुकानात बसले. अण्णांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता, त्यांना सुईत दोरा ओवता येईना. बाबांना चित्रकला शिकायची होती. हे त्यांनी मला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, एकदाच सांगितलं, आणि सांगताना आवाजात कुरकुर नव्हती. चित्रकलेचा हात त्यांनी पुस्तकाच्या कण्यावरच्या अक्षरांत वापरला. पितळेची अक्षरं तापवून सोनेरी छाप मारायची असते. अक्षर जास्त तापलं तर कापड जळतं, कमी तापलं तर सोनं धरत नाही. ते अक्षर गालाजवळ नेऊन अंदाज घ्यायचे. दोन अक्षरांमधली जागा पट्टीने कधी मोजली नाही, डोळ्यांनी लावायचे. आपल्या मराठीत काना-वेलांट्या असतात, त्यामुळे सारखी मोजलेली जागा डोळ्याला सारखी दिसत नाही, हे त्यांनी मला दाखवलं होतं. तेव्हापासून मला पाट्या वाचतानासुद्धा तेच दिसतं.

मला पाहायला आले ते १९७४ साली. अमळनेरला आमच्या घरी बैठकीत सगळे बसले होते. मी चहा घेऊन आले तर यांचं लक्ष माझ्याकडे नाहीच, कोनाड्यातल्या पोथीकडे. माझ्या आजीची पोथी, कणा उसवलेला, वर सुतळी बांधलेली. निघताना यांनी माझ्या वडिलांना विचारलं, "ही मी घेऊन जाऊ का? लवकरच परत आणून देतो." वडील म्हणाले, होकार द्यायची ही कुठली रीत! लग्नाच्या आदल्या दिवशी वऱ्हाड उतरलं तेव्हा यांच्या पिशवीत ती पोथी होती. नवी शिवण, लाल कापड, आत पिवळं अस्तर. आजीने ती मांडीवर उघडली आणि हात काढून घेतला. पोथी उघडीच राहिली, पान मिटलं नाही. आजी म्हणाली, "आता मला दोन्ही हातांनी जपमाळ धरता येईल." मला नवरा पसंत पडला तो त्या क्षणी. त्याआधी नुसता होकार दिला होता.

पोथी उघडी का राहिली, हे तिला नीट समजावून सांग, कारण बाबांच्या सगळ्या कामाचं मर्म तिथे आहे. पुस्तक म्हणजे सुट्या पानांचा गठ्ठा नसतो. मोठा कागद दुमडत जाऊन सोळा पानांचा एक फर्मा होतो. जुजबंदी शिलाईत प्रत्येक फर्मा त्याच्या घडीच्या बरोबर मधून शिवतात आणि तोच दोरा पुढच्या फर्म्यात जातो. अशी पुस्तकं शंभर वेळा उघडली तरी पान निसटत नाही. दुसरी रीत म्हणजे गठ्ठा धरून कडेने दाभणाने आरपार भोकं पाडायची आणि टाके घालायचे. काम चौथाई वेळात होतं, वरून दोन्ही पुस्तकं सारखीच दिसतात. पण आरपार शिवलेलं पुस्तक हाताने दाबून धरावं लागतं, सोडलं की मिटतं. गिऱ्हाइकाला पुठ्ठा चढवल्यावर आतलं काही दिसत नाही. बाबांनी जुजबंदीचे पैसे घेऊन आरपार शिवण कधी घातली नाही. शेजारच्या दुकानांतून तसं चालायचं, हे मला माहीत आहे. त्यांनी त्यावर कधी बोट ठेवलं नाही, स्वतः मात्र केलं नाही.

मीही लग्नानंतर सहा महिन्यांत फर्मे दुमडायला शिकले, वर्षभरात शिवायला. रात्री तुम्हा दोघांना निजवलं की आम्ही स्वयंपाकघराच्या ओट्यासमोर बसायचो. मी शिवायचे, ते पाठीला खळ लावायचे. दोऱ्याला मेण ओढायचं काम अण्णांचं. मोतीबिंदू होता, पण बोटांना दिसायचं. रेडिओ हळू आवाजात चालू असायचा. ताईला वाटायचं, आईबाबा रात्री खेळतात. खळ मैद्याची, तिच्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. मोरचूद विषारी, म्हणून त्या पातेल्याला लाल चिंधी बांधलेली असायची आणि तुम्हाला सक्त ताकीद होती. तुझं रांगायचं वय होतं तेव्हा बाबांनी दीड वर्ष मोरचूद घरात आणलं नाही. खळ रोज थोडी थोडी ताजी शिजवायची, उरलेली टाकून द्यायची. वेळ जायचा, मैदा जायचा. पण घरात रांगणारं पोर आहे म्हटल्यावर त्यांनी दुसरा विचारच केला नाही.

आपल्या घराची दिवाळी इतरांपेक्षा उशिरा का सुरू व्हायची, तेही तिला सांग. गुजराती व्यापाऱ्यांचं नवं वर्ष कार्तिकातल्या पाडव्याला लागतं, आणि त्याआधी पुष्य नक्षत्रावर ते नवे चोपडे, म्हणजे हिशेबाच्या वह्या, विकत घेतात. लांबट, लाल कापडाचे, पांढऱ्या दोऱ्याने टिपलेले, गुंडाळून नाडीने बांधायचे. त्यांत छापील रेघा नसतात. कागदाला घड्या घालून जे सळ पडतात, तेच जमा-नावेचे रकाने. दसऱ्यापासून पुष्य नक्षत्रापर्यंत बाबा दिवसाचे सोळा तास बसायचे. पण दुपारी एक वाजता सायकल वाड्याच्या दारात लागायची म्हणजे लागायची. ताटावर बसले की तुम्हा दोघांना एकच विचारायचे, "आज काय नवीन कळलं?" काहीतरी सांगितल्याशिवाय पहिला घास घ्यायचे नाहीत. एकदा तू रुसून काहीच सांगेनास, तर भात गार होईपर्यंत थांबले. शेवटी तू म्हणालास, "आज कळलं की बाबा जेवत नाहीत." मग जेवले.

चोपडे संपले की दिवाळीला हातात पैसे यायचे, पण अंगात त्राण नसायचं. खरी सुट्टी देवउठी एकादशीला. मांडवीजवळच्या विठ्ठल मंदिरातून वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, निघतो तेव्हा तू त्यांच्या खांद्यावर आणि ताईचं बोट माझ्या हातात, असे आपण जायचो. येताना सेव-उसळ. रविवारी कमाटीबागेतली छोटी आगगाडी. ताईला दोन फेऱ्या आणि तुला एकच, असं तू अजून तिला ऐकवतोस, पण तसं कधी झालं नाही, म्हणून मुद्दाम लिहिते.

तुझ्या आजीचं तुला किती आठवतं? १९८६ साली सासूबाईंची डावी बाजू गेली. पुढे सहा वर्षं त्या अंथरुणावर होत्या. त्यांचं बाकीचं सगळं मी करायचे, पण केस विंचरायचं काम बाबांचं. त्या म्हणायच्या, सुनेने आंघोळ घातली ती घातली, आता वेणीसाठी आणखी तिचा वेळ नको. बाबांना वेणी येत नव्हती. त्यांनी खुंटीला शिलाईचे तीन दोरे बांधले आणि ताईला समोर बसवून तिच्याकडून तिपेडी शिकून घेतली. ताई नऊ वर्षांची. मग रोज सकाळी दुकानाआधी आईची वेणी. पुरुषमाणसाने अशी कामं करायची नसतात, असं वाड्यातल्या एक-दोघींनी मला ऐकवलं. मी यांना ते सांगितलंच नाही. सांगितलं असतं तरी त्यांनी वेणी सोडली नसती.

त्यांचं चुकलंही. लपवून काय करायचं, तिलाही कळू दे. १९८९ मध्ये एका विद्यार्थिनीचा थीसिस बांधताना पानांच्या दोन गठ्ठ्यांची उलटापालट झाली. तिच्या लक्षात आलं ते आदल्या संध्याकाळी, सकाळी प्रती जमा करायच्या होत्या. ती दुकानात उभी राहून रडत होती. बाबांनी वाद घातला नाही, तपासूनही पाहिलं नाही, पाचही प्रती पुढे ओढल्या आणि पुठ्ठे फाडले. रात्रभर आम्ही दोघं बसलो. मी उसवत होते, ते लावत होते, आणि मग मी पुन्हा शिवत होते. पहाटे चार वाजता शिकंज्यात घातलं. खळ पुरती वाळायला बारा तास लागतात. तेवढे नव्हते, म्हणून त्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पुठ्ठ्याला इस्त्री लावली. मजुरी परत केली, सामानाचे पैसेही घेतले नाहीत. आणि पुढे प्रत्येक थीसिस शिवण्याआधी पानन् पान बोट लावून मोजायचे. बोलताबोलता मोजायचे, पण मोजायचे. ती मुलगी पुढे आपल्या मुलाचा थीसिस घेऊन आली होती.

२००५ चा पूर तू पाहिला नाहीस, तू तेव्हा नुकता पुण्याला गेला होतास. जूनच्या अखेरीस विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. आपल्या बाजूला दुकानाच्या पायरीपर्यंतच आलं, पण नदीकाठच्या वस्त्यांतली घरंच्या घरं पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर लोकांनी गाद्या-कपाटं बाहेर काढली आणि पुस्तकं पोत्यात भरून आपल्याकडे आणली. पोथ्या, कायद्याची पुस्तकं, लग्नाचे अल्बम, कोणाच्या वडिलांची डायरी. बाबा प्रत्येकाला तेच सांगत होते, "उघडू नका. उन्हात तर मुळीच ठेवू नका." लोकांना नवल वाटायचं. ओलं ते उन्हात वाळवायचं, हे कोणीही सांगेल. पण उन्हात पान वेडंवाकडं आकसतं आणि पुठ्ठा पापडासारखा वळतो. आणि ओल्या पुस्तकाचं पान उलटायला गेलं की हातात तुकडा येतो.

मग काय करायचं? पुस्तक मिटलेलंच धरून परातीतल्या स्वच्छ पाण्यात अलगद बुडवायचं, म्हणजे कडांचा चिखल जातो. दोन पुठ्ठ्यांत हलकं दाबून पाणी काढायचं. मग पंख्याखाली उभं करायचं आणि जशी पानं सुटतील तसा दर दहा-बारा पानांनी कोरा कागद घालायचा. छापलेलं वर्तमानपत्र नाही, त्याची शाई उतरते. तो कागद दर दोन-तीन तासांनी बदलायचा. सगळं दोन-तीन दिवसांच्या आत, कारण नंतर बुरशी धरते. गुळगुळीत चकचकीत कागदाचं पुस्तक असेल तर पानं ओली असतानाच सोडवावी लागतात, एकदा वाळली की वीट होते. अल्बम घेऊन जे उशिरा आले त्यांचे फोटो वाचले नाहीत. एक म्हातारे गृहस्थ तशी वीट घेऊन बराच वेळ बसून राहिले. बाबांनी त्यांना चहा पाजला, सोबत बसले आणि दुकान बंद करून घरापर्यंत सोडून आले. त्या रात्री हे जेवले नाहीत.

घरातले सगळे पंखे दुकानात गेले होते. ताई माहेरपणाला आलेली, तिचं बाळ उकाड्याने रडत होतं, म्हणून तेवढा एक मागवून घेतला. नऊ दिवस ते चाललं. बाबांची कामाची वही माझ्यापुढे आहे. ती तू कधी उघडली नसशील. शब्द मराठी, आकडे गुजराती. जुलै २००५ च्या पानावर लिहिलं आहे, "ओली पुस्तके, नग ४३." पुढे मजुरीचा रकाना आहे, तो रिकामा. त्या वहीत तुझंही नाव आहे. मे २००२, "चिरंजीव, प्रोजेक्ट, ४ प्रती," आणि मजुरीत शून्य. पुरातल्या लोकांसाठी शून्यसुद्धा लिहिलं नाही. मी तो फरक बघत किती वेळ बसले होते.

आता तुला एक गोष्ट सांगायची आहे, ती मी आजवर सांगितली नाही, कारण बाबांनी सांगू नको म्हटलं होतं. तू पाचवीत होतास. तोपर्यंत तुमच्या कच्च्या वह्या बाबा दुकानातल्या उरलेल्या कागदांच्या करायचे. एकाच वहीत पांढरी, बदामी, फिकट निळी पानं. ताईला त्या आवडायच्या. तू मात्र एक दिवस शाळेतून आलास आणि म्हणालास, सगळ्यांच्या वह्या बाजारच्या आहेत, मलाच असली वही. बाबा काही बोलले नाहीत. संध्याकाळी रावपुऱ्यातून सहा वह्या घेऊन आले, चकचकीत कव्हरच्या, वर क्रिकेटचं चित्र. तू त्या उशाशी घेऊन झोपलास. तू झोपल्यावर त्यांनी त्या काढल्या, एकेकीच्या पिना उपटल्या आणि त्याच भोकांतून मेणाच्या दोऱ्याने शिवून टाकल्या. मी म्हटलं, अहो, नवीन वह्या आहेत, कशाला? म्हणाले, "पावसाळ्यात पिना गंजतात, डाग पडतो, मग मधलं पान सुटतं. याचं मधलं पान सुटायला नको. आणि त्याला सांगू नकोस, त्याला बाजारच्याच हव्या आहेत." पुढे तू दहावी होईपर्यंत प्रत्येक जूनमध्ये हे चाललं. तुला कधी कळलं नाही. त्यातली एक भूगोलाची वही माझ्या ट्रंकेत आहे. मधलं पान उघडून बघ, पीन नाही, दोरा आहे.

धंदा कसा मंदावला ते तू जाणतोसच, त्यावर जास्त लिहीत नाही. हिशेब कॉम्प्युटरवर गेले, व्यापारी पूजेपुरता एक चोपडा घेऊ लागले. झेरॉक्सवाले पाच मिनिटांत स्पायरल घालून देऊ लागले. नवी पुस्तकं नुसत्या गोंदावर चिकटवलेली, ती जुजबंदीने शिवताही येत नाहीत, कारण घडीच कापून टाकलेली असते. तू दुकान बंद करा म्हणालास ते त्यांच्या गुडघ्यांच्या काळजीने, हे त्यांना ठाऊक होतं. मला म्हणाले होते, "तो बरोबर सांगतो आहे. पण लोक येतात गं अजून." दिवसाला एखादाच माणूस यायचा. तरी शटर दहाला वर जायचं.

तुझी लेक तीन वर्षांची असताना आम्ही पुण्याला आलो होतो. तिचं हत्तीचं पुस्तक मधून फाटलं होतं, तू नवीन मागवतो म्हणालास. बाबांनी माझ्या जुन्या सुती साडीचा काठ मागून घेतला आणि रात्री ते जोडलं. ते अजून तिच्याकडे आहे, असं सूनबाई म्हणाली. तिला तो हिरवा काठ दाखव. पुस्तक जमिनीवर उघडून ठेवायला सांग आणि हात काढून घ्यायला सांग. मग माझ्या आजीच्या पोथीची गोष्ट सांग.

शेवटचं काम मागच्या वर्षीचं. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा बाबा पंचाहत्तर वर्षांचे, छातीचं औषध चालू, जिने चढायची मनाई. कारेलीबागेतून एक बाई सासूच्या हातची पाककृतींची वही घेऊन आल्या. शाई फुटलेली, निम्मी अक्षरं पसरलेली. बाबांनी ती घरी आणली. खाटेवर बसून रोज चार-पाच पानं सोडवायचे. जिथे अक्षर पुसट झालं होतं तिथे मला वाचायला लावायचे, "हे बेसन असेल की बेदाणे?" मी सांगायचे. मग बारीक पेन्सिलीने समासात लिहायचे, मूळ अक्षरावर नाही. नोव्हेंबरच्या शेवटी शिवून झाली. शिकंज्यात घालून आले, म्हणाले, पुठ्ठा सोमवारी चढवतो. तो सोमवार त्यांना मिळाला नाही. बाकी तुला ठाऊक आहे, तू होतास.

तेरावं झालं, तुम्ही सगळे गेलात, आणि चार दिवसांनी मी किल्ली घेऊन एकटीच दुकानात गेले. शिकंज्याचं चाक मला हलेना, समोरच्या पानवाल्याला बोलावलं. वही आत तशीच होती. मी खळ शिजवली. पुठ्ठ्याचा तुकडा ओला करून तो कुठल्या बाजूला वळतो ते पाहिलं, कारण पुठ्ठ्याचा उभा कल कण्याच्या दिशेने नसेल तर पावसाळ्यात कव्हर वाकतं. हे त्यांनी मला १९७५ साली शिकवलं होतं. कोपरे मला त्यांच्यासारखे जमत नाहीत, एक थोडा जाड झाला. पण उघडली तर वही उघडी राहिली.

त्या बाई संक्रांतीला आल्या. बाबा गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. वही हातात घेऊन समासातलं पेन्सिलीचं अक्षर पाहत राहिल्या. पैसे किती म्हणाल्या, मी कामाची वही काढली. बाबांनी तारीख लिहिली होती, "ओली वही, नग १" लिहिलं होतं, आणि पुढचा रकाना रिकामा ठेवला होता. मी काही घेतलं नाही. त्या लीलो चिवड्याचा पुडा ठेवून गेल्या.

शिकंजा मी विकणार नाही, आणि तुला पुण्याला नेता येणार नाही, तीन माणसांना उचलत नाही. त्याचं काय करायचं ते दिवाळीला आलास की बोलू. सोबतच्या पार्सलमध्ये तुझी भूगोलाची वही आहे, आणि कापडात गुंडाळलेली बाबांची हाडाची पट्टी. ती तुझ्या लेकीची. तिला धार नसते, लागायची नाही. कागद दुमडायचा, दोन्ही टोकं जुळवायची, आणि पट्टी घडीवर आडवी धरून मधून बाहेर ओढायची, एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. सोळा पानांचा एक फर्मा तिला करून ठेवायला सांग. शिवायचं कसं ते मी दाखवीन. खळही करू, बिनमोरचुदाची.

सूनबाईला आशीर्वाद. ताईला या पत्राचा फोटो पाठव, तिला वेणीची गोष्ट आवडेल.

तुझी,
आई